कापडी नाव

आम्ही त्या दिवशी समुद्रात गेलो ते परीक्षा द्यायला. परीक्षक होते उल्हासदादा. न्युरेम्बर्गला एका कंपनीत इंजिनियर, पन्नाशीला टेकलेले, पोट सुटलेलं, आणि तरी दर उन्हाळ्यात स्कॉटलंडला जाऊन कयाकमधून बेटाबेटांतून हिंडणारे. जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणाला सगळे घर आणि शाळा यांवर बोलत असायचे, तेव्हा हा माणूस कोपऱ्यात मला सांगायचा, "सकाळी निघायचं, दुपारी एखाद्या ओसाड बेटावर सीलांच्या शेजारी बसून डबा खायचा, संध्याकाळी परत. मोटर नाही, आवाज नाही. तू आलीस हे पाण्यालासुद्धा कळत नाही."

मी तेव्हा येना शहरात पीएच.डी. करत होते. प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर लेझर जुळवत बसायचं, आणि जग बाहेर आहे याची चीड येत राहायची. मी हट्टच धरला. माझा नवरा तनय माझ्याच संस्थेत होता. तो म्हणाला, "मला पोहता येतं ते टिळक तलावात, समुद्रात नाही." पण तो आला. माझ्या प्रत्येक वेडात तो असाच, कुरकुरत आणि पूर्ण मनाने, यायचा.

उल्हासदादांची अट एकच होती. "आधी बाल्टिक समुद्रात एक दिवस नीट काढून दाखवा. मग स्कॉटलंड."

२००७ चा मे महिना. र्‍यूगेन बेटावरच्या ड्रान्स्के गावातून निघायचं, समोरच्या हिडेन्झे बेटावर जायचं, जेवायचं आणि परत यायचं. उल्हासदादांच्या पत्नी मीनलवहिनी गाडीपाशी थांबणार होत्या. त्यांनी धपाट्यांचा डबा माझ्या कयाकच्या पोटात सरकवला. "अहो, पोरांना लांब नेऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमचा काही भरवसा नाही."

जातानाचा तो समुद्र मी विसरणार नाही. कयाकमध्ये तुम्ही पाण्याच्या वर नसता, पाण्यात बसलेले असता. कमरेभोवतीचा रबरी पडदा नावेच्या काठाला घट्ट बसवला की नाव तुमच्या अंगाचाच भाग होते. लाट कमरेखालून जाते. उल्हासदादांचं वल्हं पडताना आवाजच होत नव्हता. एवढा जड माणूस, पण पाण्यावर पिसासारखा! मला वाटलं, माणसानं असं जगावं, कुणाची परवानगी न मागता.

हिडेन्झेच्या वाळूवर आम्ही धपाटे खाल्ले. उल्हासदादांनी वायव्येकडे बोट केलं. "तिकडे डेन्मार्क. बर्लिनची भिंत होती तेव्हा इथून पूर्व जर्मनीतले लोक पळायचे, घडीच्या नावांतून. लाकडी सांगाडा, वर रबर लावलेलं कापड. पाठीवरच्या पिशवीत मावायची. वल्ह्यांची पाती बूटपॉलिशनं काळी करायचे, म्हणजे सर्चलाइटमध्ये चमकत नाहीत."

"पोचायचे?" मी विचारलं.

"काही पोचले."

मी त्या पाण्याकडे बघत राहिले. "यांना म्हणतात माणसं," मी म्हणाले. "आणि आपण व्हिसा वाढवायला आउसलेंडरबेहोर्डच्या, त्या परदेशी लोकांच्या कचेरीच्या, दारात पहाटेपासून रांग लावतो."

"रांगेत निदान बुडत नाही माणूस," तनय म्हणाला आणि त्यानं उरलेलं लोणचं बोटानं पुसून खाल्लं.

परतताना धुकं आलं. मे महिन्यात तिथं असंच येतं म्हणे. हवा उबदार, पाणी अजून हिवाळ्यातलं. आधी किनारा पुसला गेला, मग क्षितिज, मग सूर्य नुसता पांढरा डाग झाला. "लाटा पाठीवर ठेवा," उल्हासदादा ओरडले. "पाठीवर लाटा म्हणजे आपण घराकडे. माझ्या मागं या, आणि काही झालं तर शिटी."

पाच-सात वल्ही मारली असतील नसतील, मागे छप्प असा आवाज झाला. वळून पाहिलं तर तनयची नाव उलटी होती.

शिकवलं होतं ते सगळं मी केलं. तो बाहेर आला, त्याची नाव मी माझ्या नावेवर ओढून रिकामी केली, त्याला वर चढवला, रबरी पडदा बसवला. पण पाणी बर्फासारखं होतं. त्याचे दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. वल्हं बोटांत धरताच येईना. मी शिटी वाजवली. पुन्हा वाजवली. उत्तर आलं खरं, पण ते समोरून होतं की मागून, ते धुकं कळू देईना. ओढायचा दोर उल्हासदादांच्या नावेत होता.

"ईशू…" तनय म्हणाला, "झोप येतेय."

हे वाक्य ऐकलं आणि मला कळलं की माझ्याकडे फार वेळ नाही. तो झोपला तर संपलं.

तेवढ्यात ती नाव आली.

आवाज न करता आली, आणि मला आधी उल्हासदादाच वाटले. पण ती लांब होती, दोन माणसांची. पुढे बसून एक माणूस वल्हवत होता. अंगात जाड लोकरी स्वेटर, लाइफ जॅकेट नाही. मागची जागा ताडपत्रीनं झाकलेली, आणि ताडपत्री फुगलेली, खाली गाठोडं ठेवल्यासारखी. ओल्या रबराचा आणि बूटपॉलिशचा वास आला. त्याच्या वल्ह्याची पाती काळी होती.

मला भीती वाटली का? खरं सांगते, नाही वाटली. वाटलं, कुणी हौशी म्हातारा जुन्या नावेतून फिरतोय. या लोकांना अशा हौशी असतात.

"हिल्फे," मी मदत मागितली. "बिट्टे."

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मग तनयच्या नावेच्या टोकाला दोर बांधला. काय गाठ मारली! एका हातानं, न बघता. आणि ओढायला लागला. त्याच्या खांद्यांची ती लय… मी आयुष्यात इतकं सुंदर वल्हवणं पाहिलेलं नाही. जणू थकणं ही गोष्टच त्याला माहीत नव्हती. मी तनयच्या शेजारी राहून त्याला जागं ठेवत होते. धपाट्यांबद्दल बोलत होते, त्याच्या आईबद्दल, काहीही.

मग माझ्या तोंडावर पाणी उडालं. दुसऱ्यांदाही तोंडावरच.

लाटा समोरून येत होत्या.

हा माणूस आम्हाला किनाऱ्याकडे नेत नव्हता. वायव्येला नेत होता, उघड्या समुद्रात.

"नाइन!" मी ओरडले. "लांड! त्सुर्‍युक!" नाही, जमीन, परत! मी मागे हात दाखवला. मग तनयकडे. "तो मरेल… एर श्टिर्ब्ट…"

माणूस थांबला. पहिल्यांदाच त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याला काजळी फासलेली, त्यात फक्त डोळे. त्यानं तनयकडे पाहिलं. मग आपल्या मागच्या ताडपत्रीकडे. तिच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग हळू आवाजात, घाईघाईनं काहीतरी विचारलं.

आता जर्मनीत राहिलेल्या आपल्या माणसांना मी वेगळं सांगायला नको. घरमालक काही बोलला, बँकेतली बाई काही बोलली, निम्मं कळलं नाही, तरी आपण मान हलवून काय म्हणतो? मी तेच म्हणाले. मला फक्त तनयला परत न्यायचं होतं.

"जा, जा. गेनाऊ." म्हणजे हो, हो, बरोबर.

त्यानं डोळे मिटले, उघडले. पुढे होऊन तनयच्या नावेच्या काठावर हात ठेवला. धुक्याचा एक लोट मधून गेला. तो विरला तेव्हा दोर त्याच्या नावेपासून सुटून माझ्या हातात होता, आणि तो वळला होता. मागच्या जागेवरची ताडपत्री सपाट पडली होती.

तो डेन्मार्ककडे गेला. तसाच, लय न मोडता. मला रडू फुटलं, आणि का ते मला कळलं नाही.

दोर कमरेला बांधून, लाटा पाठीवर घेऊन मी ओढत राहिले. तनयची नाव मघापेक्षा जड झाली होती. वाटलं, आत पाणी शिरलं असेल. पण तनय आता झोपत नव्हता. मागून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं, हळू, समजूत घातल्यासारखं. उल्हासदादांची शिटी आली, मग ते स्वतः आले, आणि मग वाळू.

मीनलवहिनींनी ब्लँकेटं आणली. उल्हासदादांनी तनयच्या कमरेचा रबरी पडदा ओढून काढला. आत पाणी नव्हतं. तनयनं दोन्ही पाय एका बाजूला दुमडून घेतले होते, इतके घट्ट की सरळ करताना तो कळवळला.

"अरे, असा का बसलास?" उल्हासदादा म्हणाले. "रक्त थांबलं असतं."

"जागा केली," तनय म्हणाला.

"कुणाला?"

तनयनं ब्लँकेट ओढून घेतलं. उल्हासदादांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कमरेच्या दोराकडे. अंबाडीचा दोर होता, काळा पडलेला. "असला दोर आता कुणी वापरत नाही, ईश्वरी," ते म्हणाले. "कुणी दिला?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगताच त्या माणसाचं वाक्य माझ्या कानात पुन्हा वाजलं. शब्द अवघड नव्हतेच. मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं, इतकंच. तो म्हणाला होता, "मला आता परत फिरता येत नाही. याला नेता का?"

उल्हासदादा समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनी टोपी काढली.

मी त्या माणसाबद्दल आजही वाईट शब्द बोलू देत नाही. आपल्याला पोचता येणार नाही हे त्याला माहीत असणार. तरी तो गेला, आणि जे वाचवण्यासारखं होतं ते त्यानं वाचवलं, तेही एका परक्या मुलीच्या हो म्हणण्यावर विश्वास ठेवून. असा विश्वास टाकणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. स्कॉटलंड मात्र राहिलं. उल्हासदादांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि मीही नाही.

येनाला आलो. तनय बरा झाला, कामाला लागला, विनोद करायला लागला. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नसू. फक्त कुठंही बसताना तो थोडा सरकून बसायचा. मी समजून घेतलं, माणसाला सवयी लागतात.

डिसेंबरात एका दुपारी आम्ही ट्राममध्ये होतो. मी उभी, तनय खिडकीशी, शेजारची अर्धी जागा मोकळी. तिकीट तपासणारा आला. चष्मा लावलेला, कंटाळलेला, साधा माणूस. त्यानं माझं कार्ड पाहिलं, तनयचं पाहिलं. मग त्या मोकळ्या जागेकडे पाहून त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"सहा वर्षांच्या आतल्यांना तिकीट लागत नाही," तो म्हणाला. मग त्यानं वाकून खाली पाहिलं आणि आवाज जरा कडक केला. "पण त्याच्या पायात काहीतरी घाला हो. थंडी किती आहे. आणि पाय ओले आहेत."

मी तनयकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वाटलं नव्हतं. त्यानं गळ्यातला मफलर काढला, आणि तो खाली वाकला.