साखळीतली रिकामी जागा

पटवून घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण चैतराम गुरुजी खोटं बोलत नाहीत, हे चिचगडकडच्या कोणालाही विचारून पाहा.

गेल्या वर्षीचा पूस, म्हणजे पौष महिना. दिवेलागणीची वेळ. बोडीवरून, म्हणजे गावच्या तळ्यावरून, गार वारा सुटला होता.

त्याच बोडीत, पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत, गुरुजींचा नातू हिमांशु बुडाला होता. बहीण खुशीनं काठावरून त्याचा हात धरला होता.

हात निसटला.

तेव्हापासून खुशी कोणाला हाताला हात लावू देत नव्हती. आईलासुद्धा नाही. शाळा बंद, खाणं नावापुरतं. पोर अशीच सुकून जाईल, या धास्तीनं गुरुजींची झोप उडाली होती.

जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांना सुचून सुचून काय सुचणार? बॅटरी, दोन ट्रान्झिस्टर, एक लाल एलईडी, आणि दोन वायरींची मोकळी टोकं. घरापुढच्या छपरीत बसून त्यांनी सर्किट जोडलं आणि शेजारच्या आचलला, गुड्डूला बोलावलं.

एक टोक गुड्डूनं धरायचं, दुसरं खुशीनं. मध्ये आचल. सगळ्यांनी हात धरले की अंगातून इवलासा करंट वाहतो, ट्रान्झिस्टर तो वाढवतो, दिवा लागतो. मधला एक जरी हात सुटला तर विझतो. कोरड्या हातांनी मंद लागतो, ओल्या हातानं झगझगीत. गुरुजींनी सगळं सावकाश समजावलं.

"झटका त नाही बसनार ना, गुरुजी?" गुड्डूनं विचारलं.

"तुझ्या मायच्या चापटीपेक्षा कमीच."

खुशी हसली नाही. पण बऱ्याच वेळानं तिनं डाव्या हातात वायर धरली आणि उजवा हात पुढे केला.

आचलनं तो धरला. दिवा लागला. मंद, लाल.



तेवढ्यात आचलच्या आईनं घरून हाक मारली. आचल दोघांचे हात सोडून पळाली.

दिवा विझायला हवा होता...

विझला नाही.

वायरी एकमेकींना चिकटल्या असतील. गुरुजींनी वाकून पाहिलं. नव्हत्या.

मग जमीन. छपरी नुकतीच सारवलेली, अजून ओली. त्या ओलीतून करंट जात असेल. त्यांनी दोघांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसवलं.

गुड्डू एकीकडे. खुशी दुसरीकडे. मध्ये हातभर रिकामी जागा.

दिवा तसाच.

मग तो हळूहळू वाढू लागला... झगझगीत झाला.

कोरड्या हातांनी तो इतका लागत नाही.

"गुरुजी," गुड्डू हळूच म्हणाला, "माहा हात कोनी धरून राहिला."

त्यानं वायर टाकली आणि घराकडे धूम ठोकली. दिवा विझला.

खुशी मात्र तशीच बसून होती. उजवा हात त्या रिकाम्या जागेत लांब केलेला. मूठ मिटलेली.

मुठीतून पाणी ठिबकत होतं...

"सोड बेटा," गुरुजी कसेबसे म्हणाले.

खुशीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"मी त कवाचीच सोडली, आबाजी. तोच सोडून नाही राहिला."

त्यानंतर खुशी जेवायला लागली. शाळेत जायला लागली. आईला वाटतं, गुरुजींच्या सर्किटनं पोर सुधारली. गुरुजी मात्र रोज तिला शाळेत पोचवायला स्वतः जातात.

वाट बोडीच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून आहे. दुसरी वाट नाही.

खुशी डावा हात आता खुशाल देते. गुरुजी तो घट्ट धरतात. पण पाळीच्या मध्यावर आलं की पोरीचं पाऊल वाकडं पडतं, पाण्याच्या बाजूला. तिच्या हातातून गुरुजींच्या खांद्यापर्यंत हिसका बसतो.

पलीकडून कोणीतरी ओढतं.

गुरुजींचं वय झालं आहे. थंडीत बोटं वळत नाहीत.

आणि ओढ रोज थोडी वाढते आहे...