पांढरा पुठ्ठा

“आई, आज तू... दिव्यापाशीच थांबशील ना?”

लेकीने हे विचारलं तेव्हा ती स्टुडिओच्या मागच्या खोलीत पडद्याच्या कापडाला इस्त्री करत होती. हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. थांबून राहिला असता तर कापड करपलं असतं.

“मग आणखी कुठे थांबणार? दिवे काय तुझे बाबा एकटे हलवणार आहेत? त्यांची कंबर बघ आधी!”

लेक हसली... एखादं ओझं उतरल्यासारखी हसली! आईने ते हसू पाहिलं, आणि कापडाची घडी जरा जास्तच नीट घातली.

आज लेकीच्या सासरची माणसं फोटोला येणार होती. लग्नाआधी दोन्ही कुटुंबांचा एक फोटो काढून तो दिवाणखान्यात लावायचा, अशी होणाऱ्या सासूबाईंची हौस होती. मुलीची आई परदेशी नोकरीला असते, तिला सुट्टी मिळत नाही, असं त्यांना सांगितलेलं होतं. ही थाप लेकीची नव्हे, आईनेच सुचवलेली. “सोपी आहे, लक्षात राहील,” असं म्हणून तिने ती लेकीच्या हाती भाजीच्या पिशवीसारखी दिली होती.

आईचे पणजोबा समुद्रापलीकडून मजुरीसाठी आणलेले. तिचा रंग गडद काळा, केस दाट, बारीक कुरळे. नवरा इथलाच, गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. लेक दोघांची... रंग बापाचा, केस आईचे. केस सरळ करून घेतले, की तिला कुणी “तुम्ही मूळच्या कुठल्या?” असं विचारत नसे.

आणि तो पुठ्ठा! गिऱ्हाईक येण्याआधी त्याच्या जागी कुणीतरी बसून उजेड जमवावा लागतो. स्टुडिओतलं ते काम तिचं. पण तिच्या चेहऱ्यावर उजेड जमवला, की मागाहून बसणाऱ्या गोऱ्या माणसाचा चेहरा उडून कोऱ्या कागदासारखा पांढरा व्हायचा. म्हणून नवऱ्याने तिच्या हातात एक पांढरा पुठ्ठा दिला होता. खुर्चीत बसायचं आणि तो तोंडासमोर धरायचा. नव्या नवलाईच्या दिवसांत ती पुठ्ठ्याआडून जीभ काढून दाखवायची, आणि नवरा हसता हसता कॅमेरा हलवून बसायचा.

लेक झाल्यावर तिघांचा फोटो काढला, तेव्हा त्यात बाप होता, लेक होती आणि मधे एक काळा डाग होता. “तुझ्यावर उजेड वाढवला तर हिचा चेहरा उडतो गं,” नवरा म्हणाला. त्यात कपट नव्हतं. त्याला तसंच शिकवलेलं होतं. ती मुकाट्याने चौकटीबाहेर झाली.

पण एका दुपारी दुकान रिकामं असताना तिने शेजारच्या खुर्चीवर गोऱ्या चेहऱ्याच्या जागी पांढरं भांडं ठेवलं, बाजूचा दिवा ओढून स्वतःच्या गालाजवळ आणला आणि फोटो काढला. भांडं भांड्यासारखं आलं होतं, आणि ती... ती तिच्यासारखी आली होती! भुवया, नाकाचं वळण, डोळ्यांतलं हसू, सगळं! हे लेकीला कधी सांगते असं होऊन ती तशीच शाळेकडे धावली होती.

फाटकापाशी एका मैत्रिणीने लेकीला विचारलं, “ही तुझी आया का गं?”

लेकीने आईकडे पाहिलं, मैत्रिणींकडे पाहिलं आणि म्हणाली, “हो.”

एवढंच. लहान होती ती! घरी येताना ती मैत्रिणींबरोबर पुढे उड्या मारत चालली, आणि आई दप्तर घेऊन मागून. ज्या फोटोत आपण नाही, त्या फोटोतल्या मुलीला कुणी काही विचारत नाही, हे त्या रस्त्यावर तिच्या ध्यानात आलं. दिव्याची गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नाही... कधीच सांगितली नाही. पुढे शाळेच्या सभांना बाप जाई, घर भाड्याने घेताना बाप जाई. तिच्या अंतःकरणातली व्यथा तिथेच राहिली, आणि वर तिने संसाराचं सामान रचून टाकलं.

पाहुणे आले. होणारा जावई अवघडून खुर्चीच्या कडेला टेकला. सासूबाई ऐसपैस बसल्या.

“आणि ही एक खुर्ची विहीणबाईंसाठी मोकळी ठेवा बरं का. त्यांचा एखादा फोटो द्या, नंतर कॉम्प्युटरवर चिकटवता येतो म्हणे हल्ली. आहे ना एखादा?”

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. सगळी भिंत फोटोंनी भरलेली होती, आणि त्यात तिचा एकही नव्हता!

“शोधतो,” बाप कसाबसा म्हणाला.

“तोवर त्या जागेचा उजेड बघून ठेवा. अहो बाई, तुम्ही बसता का जरा तिथे?” सासूबाई दिव्यापाशी उभ्या असलेल्या आईला म्हणाल्या.

ती बसली. लेकीच्या शेजारी, स्वतःच्याच जागी, पाहुणी असल्यासारखी. सवयीने पुठ्ठा तोंडासमोर धरला... आणि सवयीनेच दुसरा हात शेजारी गेला. ओला केलेला अंगठा लेकीच्या कपाळावर सुटलेल्या बटेवरून फिरला, आणि पुठ्ठ्याआडून हळूच आवाज आला, “हनुवटी खाली, छकुले.”



“छकुली?” सासूबाई म्हणाल्या. “बरीच जुनी दिसते हो तुमची बाई!”

ती चटकन उठू लागली. “लहानपणापासून बघतेय ना, म्हणून... सवय. मी त्यांची...”

“आई, बस.”

लेकीने तिच्या हातातून पुठ्ठा काढून घेतला. तो पायाशी टाकला.

“ही माझी आई आहे. कुठे परदेशी-बिरदेशी नाही. सकाळी हिनेच हा पडदा इस्त्री केलाय. मी लहानपणी एकदा हिला आया म्हटलं... आणि ही खरंच आया होऊन राहिली हो! मला कधी एक शब्द बोलली नाही!”

“छकुले, अगं, ती गोष्ट तू विसरली असशील असं...”

“कशी विसरेन? रोज आठवते, म्हणून तर तुझ्याकडे बघवत नाही मला!”

सासूबाईंचा चेहरा ताठ झाला. “आम्हाला आधी सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. जावयाने आईकडे बघून किंचित हात जोडले आणि आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

“बाबा, फोटो काढा.”

बापाने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. कॅमेरा जो चेहरा ओळखतो त्याभोवती एक हिरवी चौकट उमटते. लेकीवर उमटली, जावयावर उमटली, सासूबाईंवर उमटली. चौथ्या चेहऱ्यावर नाही.

“हिच्यावर उजेड जमवला तर तुम्ही सगळे उडाल गं,” तो म्हणाला.

“उडू दे! आजवर ती उडत आली ना? आता मी उडते!”

आईला ते ऐकवेना. “कुणी उडायला नको,” ती पुटपुटली. “अहो... तो बाजूचा दिवा माझ्याजवळ आणा. आणखी... हं. आता बघा.”

बापाने पाहिलं. चौथी चौकट उमटली होती.

लेक सावकाश आईकडे वळली. “म्हणजे... तुला माहीत होतं? इतकी वर्षं तू फोटोत येऊ शकत होतीस?”

आईने पदराने लेकीचे डोळे पुसले, बट पुन्हा बसवली. ती पुन्हा सुटली.

तो फोटो आता लेकीच्या सासरच्या दिवाणखान्यात आहे. त्यात लेक रडकी दिसते, आणि सासूबाई कॅमेऱ्याकडे न बघता विहीणबाईंकडे बघताहेत. त्या नजरेत काय आहे ते सांगता येत नाही. खाली कोपऱ्यात लेकीच्या पायाखाली आलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्याची कड दिसते. बापाला ती कापून टाकता आली असती. त्याने ती तशीच ठेवली.