मीटरवरचं सूत

हे खोटं असतं तर मी सुखाने झोपले असते. आमच्याच घरात घडलंय, माझ्या डोळ्यांसमोर. तुम्ही विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. आग्रह करायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

इंदूर, परदेशीपुरा. गेल्या वर्षीचा मे महिना. आणि अमावस्येची रात्र वगैरे काही नाही... भर दुपार.

माझे सासरे नानासाहेब फुप्फुसाच्या आजाराने अंथरुणाला खिळले होते. घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलं होतं. ते दिवसरात्र चालायचं.

घर्र... फुस. घर्र... फुस.

हा आवाज थांबला की नाना संपले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सासूबाई, इंदिराबाई, आदल्याच वर्षी गेल्या. माझा नवरा विपुल शहरातच, विजय नगरला नोकरीला. सकाळी गेला की दिवेलागणीलाच परत. सगळं करणारी मी एकटी.

मशीनचा लोड जुन्या वायरिंगला झेपेना. म्हणून गल्लीतल्या रजत इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मीटरपासून नानांच्या खोलीपर्यंत नवी केबल ओढली. जाता जाता म्हणाला,

"भाभीजी, मीटर की सील टूट गई है. बिजलीवालों को बोल के नई लगवा लेना."

"अरे भिया, पहले बोलना था ना! चोरीची केस केली म्हणजे?"

"कुछ नहीं होता भाभीजी."

तो गेला. लाइन कापली तर नानांचं काय? मी लगेच वीज कंपनीला फोन करून तक्रार नोंदवली.

दुसऱ्या दिवशी सील लावणारा माणूस आला. बाहेरच्या भिंतीवरचं मीटर बघून हसला.

"मॅडम, ये क्या बांध रखा है?"

मी पुढे होऊन बघितलं...

सीलची तार ज्या भोकांतून ओवतात, त्यांतून सूत ओवलेलं होतं. कच्चं, हळदीत भिजवलेलं. मीटरभोवती त्याचे गच्च वेढे.

मला वाटलं, कुणाचा तरी आगाऊपणा. त्याने सूत कापलं, नवं सील लावलं, फोटो काढला आणि गेला. मी सुटकेचा श्वास सोडला.

संध्याकाळी दिवा लावायला बाहेरच्या ओट्यावर आले...

सील खाली पडलेलं. मीटरवर पुन्हा सूत.

हात लावला. ओलं होतं. बोटं पिवळी झाली.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. महिनोन्‌महिने जागरणं केली की माणूस दगड होतो. मी हात धुतले आणि कुकर लावला.

विपुल म्हणाला, "कोणी तरी मस्ती करून राहिलंय यार. तू टेन्शन नको घेऊ."

नाना मात्र छताकडे बघत हळूच म्हणाले, "सूनबाई, इंदिरा आली आहे."

तेव्हा मला आठवलं. सासूबाई दर वटपौर्णिमेला वडाला असंच सूत गुंडाळायच्या, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. शेवटच्या आजारपणातही रिक्षा करून गेल्या होत्या.

खरं सांगते, मला बरं वाटलं. घरात माझ्या जोडीला कुणीतरी आहे, असं वाटलं. मी पुन्हा तक्रार केली नाही.

मग जूनमध्ये मेंटेनन्सचं शटडाउन आलं. सकाळी सगळ्या गल्लीची लाइट गेली. पंखा थांबला. कूलर थांबला. फ्रिज गप्प झाला. मी ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे धावले आणि मधेच थबकले...

घर्र... फुस.

मशीन चालू होतं.

दुपारी लाइट येईपर्यंत ते एकदाही बंद पडलं नाही. विपुल म्हणाला, रजतने दुसऱ्या कुठल्या लाइनवर जोडलं असेल. रजतला विचारलं. त्याने आईची शपथ घेतली आणि त्यानंतर आमच्या घरी आला नाही.

नाना खंगत गेले. नुसती हाडं राहिली. पाठीला जखमा झाल्या. पाणीसुद्धा गिळवेना. डॉक्टर म्हणाले, आता शेवटचे दिवस आहेत, त्रास कमी होईल एवढं बघा.

एका दुपारी नानांनी माझा हात धरला.

"तिला सांग, बस झालं आता. सोड म्हणावं मला. माझं ती ऐकत नाही गं."

"नाना, असं नका ना बोलू."

त्यांनी नाकातली नळी ओढून काढली. मी घाबरून मशीनकडे वळले. त्याची उशाजवळची वायरही त्यांनी उपटून टाकली होती. प्लग जमिनीवर पडला होता.

खोलीत शांतता.

आणि त्या शांततेत...

घर्र... फुस.

आवाज नानांच्या छातीतून येत होता.

छाती मशीनच्याच तालात वर-खाली होत होती. डोळे उघडे होते. नाना रडत होते.

मी कात्री घेऊन मीटरपाशी गेले. सूत कापायला हात उचलला...

कुणीतरी माझं मनगट धरलं.

हात ओला होता. हळुवार. पोळी लाटायला शिकवताना सासूबाई धरायच्या, तसाच. मागे वळून बघितलं तर कोणीच नव्हतं. मनगटावर हळदीची बोटं उमटली होती.

कात्री गळून पडली. ती पुन्हा उचलायचं धाडस मला झालं नाही.

याला वर्ष होत आलं. मशीन कधीच परत केलं. नाना आहेत.

जेवत नाहीत. बोलत नाहीत. पण आहेत. डॉक्टर म्हणतात, आश्चर्य आहे. विपुल भेटेल त्याला सांगतो, "नानांची विल पॉवर जबरदस्त आहे." नाना दिवसभर माझ्याकडे बघत असतात. काय मागतायत ते मला कळतं.

परवा शेजारच्या वसुंधरामावशींनी विचारलं, "वटपौर्णिमेला येशील ना गं पूजेला?"

मी नाही म्हटलं. विपुलला वाईट वाटलं. अजून माझ्याशी धड बोलत नाही.

त्याला कसं सांगू? माझा त्याच्यावर फार जीव आहे, म्हणूनच नाही म्हटलं.