नऊ टक्के शालन

वाटी समोर ठेवताच भुऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर अक्षरं उमटली: गाजर, फरसबी, दुधी, कांदा.

"कांदा कुठून आला?" दिनानाथ बेडेकर पुटपुटले. कुत्र्याच्या नाकाला जे कळतं ते माणसाच्या भाषेत सांगणारा हा गंधवाचक पट्टा आता घरोघरी होता. त्याच्यापुढे लपवाछपवी चालत नसे.

फोनच्या पडद्यावर प्राण्यांच्या डॉक्टर तांबोळीबाई होत्या. "काका, भाजी कशी केलीत?"

"माझ्या भाजीतल्याच फोडी काढल्या. तीन पाण्यांतून धुतल्या."

"अहो, कपडे आहेत का ते? कांदा असा धुऊन जात नाही. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. काकू कसं करायच्या?"

"फोडणी घालायच्या आधी याचा वाटा काढून ठेवायची. नुसता वाफवून."

बेडेकरांनी तसंच केलं. भुऱ्याने हुंगलं आणि मान फिरवली. स्वादुपिंडाला सूज आली म्हणून मांस बंद झालं, त्याला आज चार दिवस झाले होते; तेव्हापासून तो उपाशीच होता. भाजी तो फक्त शालनच्या हातची खात असे, आणि शालनला जाऊन आठ महिने झाले होते.

"उद्या नळीने भरवावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "या वयात ते त्याला झेपेलच असं नाही. काकूंचा वास असलेलं काही आहे घरात?"

होतं. गरम भांडी उतरवायचं तिचं फडकं, हवाबंद पिशवीत. दर रविवारी बेडेकर ती पिशवी भुऱ्यासमोर क्षणभर उघडत आणि पट्टा वाचत. पहिल्या रविवारी 'शालन, शंभर टक्के' होतं. परवा नऊ.

"उघडं ठेवलं तर किती टिकेल?"

"दोन दिवस. फार तर."

बेडेकर पिशवी घेऊन आले. मग त्यांनी ती फाडली आणि फडकं वाटीखाली अंथरलं.

भुऱ्या उठला. त्याने आधी फडकं हुंगलं, बराच वेळ. मग गाजर खाल्लं, दुधी खाल्ला, फरसबीचा शेवटचा तुकडा जिभेने ओढून घेतला. पट्ट्यावर नवाचे आठ झाले.

बेडेकर गुडघे टेकून खाली बसले. त्यांनी फडकं उचलून नाकाशी धरलं, डोळे मिटून खोल श्वास घेतला. सुती कापड. बाकी काहीच नाही.

शेजारी भुऱ्याची शेपटी हलत होती.

"सांग ना रे," ते त्याला म्हणाले, "कशी आहे ती?"