ठिपका कुठे पडला?

“‘पूर्ण असहमत’ काहून दाबून राहिल्या?”

मी मोबाइल छातीशी धरला. अमरावती–अकोला एसटीत शेजारी बसलेला मुलगा चक्क डोकावत होता.

“दुसऱ्याच्या मोबाइलात पाहणं शोभते का?”

“नाही शोभत,” तो हसला. “पण प्रश्न भारी आहे नं... शेतमालाले सरकारनं हमीभाव द्यावा का?”

राज्यशास्त्राच्या मॅडमनी सांगितलं होतं, ही प्रश्नावली सोडवा, आपण डावे की उजवे ते कळेल. शेवटी चार चौकोनांत एक ठिपका पडतो. माझा पडला उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात.

“मी बी सोडवली हे. माझा डावीकडे, पार खाली. कोपऱ्याले कोपरा! मी शेखर.”

“प्रणाली. वलगावची,” म्हटलं... आणि गावही उगाच सांगून टाकलं.

पुढच्या सोमवारपासून तो खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरू लागला. मूर्तिजापूरपर्यंत भांडण, त्यापुढे भुईमुगाच्या शेंगा. त्याच्या पापण्या मला पाठ झाल्या.

एकदा आईचा फोन आला. “तुरीले भावच नाही म्हणजे? सरकार झोपलं का?” मी तिच्यावरच ओरडले.

फोन ठेवला, तर हा टक लावून.

“प्रणाली, त्या दिवशी उत्तरं कोणाची दिली तुमी?”

आमच्या घरी मत बाबा ठरवतात. मतदानाच्या आदल्या दिवशी जेवताना सांगतात, आम्ही माना हलवतो. मोबाइलपुढेही मी सवयीनं तीच मान हलवली होती!

“पुन्हा सोडवा,” म्हणाला, आणि मुद्दाम खिडकीबाहेर पाहू लागला.

मी प्रश्नावली पुन्हा उघडली. बाबांचा चौकोन सोडून आता याच्या चौकोनात जायचं? फाशी असावी का... त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. माझं वेगळं होतं. हा रागावला तर? सोमवारी जागाच धरली नाही तर?

डोळे मिटले. माझंच दाबलं.

ठिपका मधल्या रेघेजवळ पडला — बाबांपासून लांब, त्याच्यापासूनही. मोबाइल त्याच्यापुढे धरला.

त्यानं ठिपक्यावर बोट ठेवलं.

“मले भेव होतं,” हळूच म्हणाला, “तू माझ्या बाजूनं दाबशील. मग मी तुझा दुसरा बाबाच झालो असतो... मले ते नाही व्हायचं.”

“मग काय व्हायचं?”

त्याचे कान लाल. “वलगावले येऊ का? बाबाले विचारायले?”

“थांबा नं... पहिले बाबाले ठिपका कुठे पडला ते सांगू द्या. ते पचलं, तर तुमचं नाव सांगीन.”

माझे हात गार पडले होते. त्यातला एक त्यानं धरला... मी काढून घेतला नाही.