मनगट कोणी धरलं होतं

"गेल्या डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. संध्याकाळचे साडेसात. साहेब एका साध्या कामाला घराबाहेर पडला. कारखान्याच्या जुन्या भांडारातून एक दुर्बीण निवडायची, प्रदर्शनात मांडायला. बस्स, एवढंच."

काकांची गोष्ट नेहमी इथूनच सुरू व्हायची. तारीख, वार, वेळ. तपशील चोख असला की सांगणाराही चोख ठरतो, असं त्यांना वाटत असावं.

वीज गेली होती. टेबलावर एक मेणबत्ती, पलीकडे काका, अलीकडे त्यांचा मुलगा बंड्या आणि पुतणी. पुतणीनं कॉलेज अर्धवट सोडलं होतं, त्यामुळे घरात तिचं मत कुणी विचारत नसे. ती न विचारताच द्यायची.

मेणबत्तीच्या बशीखाली एक घडी घातलेला अर्ज होता. दुपारी एक शिंपीणबाई तो घेऊन दारात उभी होती. "बापावरचा डाग पुसायचाय. त्या खोलीत तुमचे काका होते. एक ओळ लिहून द्या म्हणावं, अंगठा जबरदस्तीनं घेतला म्हणून." आतून काका कुजबुजले होते, "सांग, घरी नाहीत." पुतणीनं सांगितलं. बाईनं काकांच्या चपलांकडे पाहिलं आणि अर्ज ठेवून गेली.

ते खोटं पुतणीला अजून सलत होतं.

"बाबा, भूत कधी येणार?" बंड्या म्हणाला.

"येतंय. भूत काय बस आहे, वेळेवर न यायला?" काका हसले. "माझ्या ओळखीच्या माणसाला आलेला अनुभव आहे. एक अक्षर खोटं नाही."

कारखाना सरकारनं काढलेला. एका शेडमध्ये कॅमेरे व्हायचे, दुसऱ्या शेडमध्ये सैन्याच्या रायफलींवर बसवायच्या दुर्बिणी. कॅमेऱ्यांची शेड कधीच बंद पडली. दुर्बिणींची अजून चालते, कारण लढाया बंद पडत नाहीत. साहेब तिथला तपासनीस. 'पास'चा शिक्का त्याच्या हातात. काका भांडारात कारकून. आणि शिंपीणबाईचा बाप भिंगं घासणारा.

घासायची लाल पूड त्याच्या बोटांच्या रेषारेषांत मुरली होती, साबणानं निघत नसे. भिंगाला बोट लावायची सक्त मनाई. पण हा गडी शेवटच्या घासणीआधी डोळे मिटून अंगठा फिरवायचा आणि कुठं चढ आहे, कुठं उतार, ते सांगायचा. मागाहून यंत्रही तेच सांगायचं. शिकलेला, अक्षर मोत्यासारखं, तरी सगळे त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. अंगठ्यावर काचेनं कापल्याचा एक तिरका व्रण होता.

भिंगांची जोडी एकमेकांना चिकटवली की रात्रभर भट्टीत ठेवायची, हा नियम. एकदा बडा पाहुणा यायचा होता. साहेबानं चाळीस दुर्बिणींची भिंगं दोन तासांत बाहेर काढायला लावली आणि वर पासचा शिक्का मारला. पुढे सरावाच्या मैदानात, भर उन्हात, एका दुर्बिणीतला गोंद सुटला. भिंग सरकलं. नेम चुकला. आपलाच एक शिपाई मेला.

"मग चौकशी आली," काका म्हणाले. "घासणीच खराब होती, असा कबुलीजबाब टाईप करून ठेवला होता. अंगठेबहाद्दर म्हणाला, मी सही करणार नाही. साहेब म्हणाला, सही जमत नसेल तर अंगठा दे. आणि... घेतला अंगठा. शाईचं पॅडसुद्धा लागलं नाही. हात लालच होता."

'घेतला.' पुतणीनं हा शब्द आज पहिल्यांदा नीट ऐकला. कुणी घेतला, कसा घेतला, काका कधीच सांगत नसत. गोष्ट तिथं घाईनं पुढं सरकायची.

नोकरी गेली. कंपनीची खोली आठ दिवसांत रिकामी झाली. रोज सकाळचा भोंगा व्हायचा तेव्हा तो फाटकाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचा, मांडीवर अर्ज घेऊन. आत जाणारे मान वळवून जायचे. एका हिवाळ्यात भोंगा झाला, सगळे आत गेले... तो बाकावर तसाच. संध्याकाळी सुटल्यावर कळलं.

"तुम्हीपण मान वळवायचात?" पुतणीनं विचारलं.

"गोष्ट ऐकायचीय की नाही?"

तर गुरुवार, अकरा तारीख. साहेबानं भांडारातून एक दुर्बीण निवडली. त्याच चाळिसातली निघाली. परत आलेली, कुणी उघडून न पाहिलेली. तपासायला तो लांब बोगद्यात गेला. शंभर पावलांची अरुंद खोली, पलीकडच्या भिंतीवर पांढरा फलक, फलकावर काळी फुली. रखवालदार दाराबाहेर विडी ओढत होता. नऊ वाजून दहा मिनिटं.

साहेबानं दुर्बिणीला डोळा लावला.

फुली दिसली. फुलीखाली बाक.

डोळा काढला. बोगदा रिकामा.

पुन्हा लावला. बाक अर्ध्यावर आलेला. बाकावर कुणीतरी, मांडीवर कागद.

"आणि पळाला नाही?" बंड्याचा आवाज बारीक झाला होता.

"पळणार कसा? डोळा... निघेना."

बाक रिकामा. नुसता कागद. मग कागदही नाही. मग काळोख. मग काळोखाला रेषा आल्या. वळणावळणाच्या... लाल. मधून एक तिरकी पांढरी रेघ.

काचेवर पलीकडून अंगठा टेकला होता.

रखवालदाराला साहेब सापडला तेव्हा तो तसाच वाकून होता. डॉक्टर म्हणाले, डोळे शाबूत आहेत. पण त्याला लाल सोडून काही दिसत नाही. डोळे मिटले तरी लालच.

"आणि ती दुर्बीण उघडली, तर," काका नेहमीच्या जागी थांबले, नेहमीसारखे पुढं झुकले, "चिकटवलेल्या दोन भिंगांच्या मध्ये, जिथं केससुद्धा शिरत नाही, तिथं अंगठ्याचा ठसा!"

बंड्या शहारला. काका मागं टेकले. गोष्ट संपली होती.

"तो काहीच बोलला नाही?" पुतणी म्हणाली.

"कोण?"

"अंगठेबहाद्दर."

काकांनी मेणबत्तीकडे पाहिलं. "साहेबाला भेटायला गेलो होतो मागच्या आठवड्यात. म्हणाला... एकच गोष्ट विचारली त्यानं. मनगट कोणी धरलं होतं."

"आणि साहेबानं सांगितलं?"

"सांगितलं."

"कुणाचं नाव?"

काका बशीवर सांडलेलं मेण नखानं खरवडू लागले.

"बाबा..." बंड्या म्हणाला.

"मला बढती हवी होती गं," काका म्हणाले. "तू लहान होतीस. घर चालवायचं होतं... साहेब म्हणाला, धर. धरलं."

"भुताला घाबरायचं पोरांनी, आणि भूत तयार करायचं तुम्ही. छान वाटणी आहे." तिनं बशीखालचा अर्ज ओढला, घडी उलगडली, स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली: 'अंगठा जबरदस्तीनं घेतला. मनगट मी धरलं होतं.' पेन पुढं केलं. "सही करा."

"उद्या बघू. उजेडात."

"त्याला मरून तेवीस वर्षं झाली, काका. अजून किती उजेड हवा?"

काका हात पुढं करायला गेले.

हात टेबलावरून उठला नाही.

"सोड," ते म्हणाले.

"मी कुठं धरलाय?"

पुतणीचे दोन्ही हात कागदावर होते. बंड्याचे मांडीखाली. काकांचं मनगट टेबलाला चिकटलं होतं, कातडी आत दबलेली... चार ठिकाणी. ते ओढत होते. घाम आला होता. पेन बोटांतून गळलं, घरंगळलं, खाली पडलं.

कुणी उचललं नाही.

पुतणीला भीती वाटत होती. तरी तिच्या तोंडून ते आलंच, हळू.

"सही जमत नसेल... तर अंगठा द्या."

मेणबत्ती विझली.

कागद सरकल्याचा आवाज. काकांचा एक श्वास. मग काही नाही.

वीज आली तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. काका हात छातीशी धरून बसले होते, पोरासारखे रडत. मनगट मोकळं होतं. अर्ज टेबलावर होता, ओळीखाली ठसा उमटलेला. लाल. घरात शाईचं पॅड कधीच नव्हतं.

पुतणीनं काकांचा हात ओढून दिव्याखाली धरला. अंगठा कोरडा, स्वच्छ, कुठं ओरखडासुद्धा नाही.

कागदावरच्या ठशात मधून एक तिरकी पांढरी रेघ गेली होती.