अकोल्याची थांबलेली तपासणी

खोटं वाटेल. वाटू द्या. गीतांजली माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि तिच्या अंगावरचा काटा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

गेल्या वर्षीचा मे महिना. अमरावती. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

गीतांजलीचं काम दुरून सर्व्हरवर नजर ठेवायचं. तिनं वेळापत्रक लावून दिलं होतं, त्याप्रमाणे कॉम्प्युटर अकोल्यातल्या सर्व्हरला आपोआप विचारायचा, 'चालू आहेस ना?' उत्तर आलं नाही की अलार्म.

अकोल्यात त्या सर्व्हरच्या खोलीत दुरुस्तीला शेखर असायचा. सर्व्हर बंद करण्याआधी त्याचा फोन ठरलेला.

"ताई, तपासणी थांबव. मी आत जाऊन राह्यलो."

काम झालं की दुसरा फोन. "आलो बाहेर. लाव चालू."

त्याआधी मार्चमध्ये एकदा तो दुसरा फोन आलाच नाही.

आत शॉक लागून शेखर पडला होता. तपासणी थांबलेली, म्हणून अलार्म वाजला नाही. संध्याकाळी कोणीतरी दार उघडलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

मे महिन्यातल्या त्या दुपारी त्याच्या जागी आलेला प्रीतम पहिल्यांदा त्या खोलीत जाणार होता. गीतांजलीचा जीव टांगणीला लागला होता.

प्रीतमचा फोन यायच्या आधीच...

तपासणी थांबली.

थांबवणाऱ्याचं नाव होतं... शेखर.

त्याचं सिस्टिमवरचं खातं तर तिनंच रडत रडत बंद केलं होतं!

तिनं प्रीतमला फोन लावला. "आत जाऊ नको!"

"दारातच आहो, मॅडम. उघडूनच नाही राह्यलं. आतून कोणी तरी कडी लावली."

इलेक्ट्रिशियन आला. त्यानं बाहेरून मेन स्विच बंद केला, तसं दार... अलगद उघडलं.

आत कोणी नव्हतं.

दाराला आतून कडीच नव्हती.

सर्व्हरच्या लोखंडी कपाटाला एक जळकी वायर टेकली होती. प्रीतमनं हात लावला असता तर तोही गेला असता.

ती तपासणी आजही थांबलेली आहे. चालू केली, की त्याच नावानं पुन्हा थांबते.

परवा न राहवून गीतांजलीनं शेखरचा जुना, बंद पडलेला नंबर लावला.

रिंग गेली... कोणीतरी उचलला. पलीकडे नुसती सर्व्हरच्या पंख्यांची घरघर.

"शेखर, बाहेर आलास का रे?"

मग...

"नाही, ताई. आतच आहो."

प्रीतमनं नोकरी सोडली. गीतांजली सोडत नाही. म्हणते, "त्याले बाहेर काढल्याशिवाय कशी जाऊ?"

आता मला तिचीच भीती वाटते.